जिंजीची चढण

सुटीचा दिवस उजाडला की मराठी माणसाची पावले गडाकडे वळतात. पाठीवर पाण्याची बाटली, पिशवीत भाकरी-चटणी आणि बरोबर चार सोबती एवढी तयारी त्याला पुरेशी वाटते. डोंगर चढल्याने शरीराला व्यायाम घडतो, मोकळी हवा मिळते, मनावरचा शीण उतरतो, हे तर खरेच. परंतु गड चढणाऱ्याला त्याहून अधिक असे काही हवे असते. पुस्तकात वाचलेला वेढा, तट, बुरूज, चोरवाट हे शब्द त्याला पायांनी पडताळून पाहायचे असतात. विरंगुळा आणि इतिहास यांची अशी सांगड घालणारी ही वाट सह्याद्रीपुरती मर्यादित नाही. मराठ्यांच्या इतिहासातील एक अत्यंत कठीण पर्व जेथे घडले, तो जिंजीचा किल्ला महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात उभा आहे.

चेन्नईहून सुमारे दीडशे किलोमीटर, तर पुदुच्चेरीहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर सेंजी नावाचे गाव आहे. तिंडीवनमकडून तिरुवण्णामलैकडे जाणारा रस्ता गावाच्या पुढे थेट किल्ल्याच्या कुशीतूनच जातो. सह्याद्रीतील काळ्या कातळाचे सरळ तुटलेले कडे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना येथील डोंगर प्रथम परके वाटतात. कुणी राक्षसाने खेळता खेळता प्रचंड गोटे एकावर एक रचून ठेवावेत, तसे हे तांबूस-करड्या दगडांचे ढीग आहेत. त्यांच्या फटींतून काटेरी झुडुपे उगवलेली असतात आणि माथ्यावर ऊन तळपत असते. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या त्रिकोणाच्या टोकांसारख्या उभ्या आहेत. सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या तटाने त्या एकमेकींशी जोडल्या आहेत. राजगिरी सर्वांत उंच, सुमारे आठशे फुटांची. सह्याद्रीतील गडांच्या मानाने ही उंची थोडी वाटते. पण ती चढताना हा गैरसमज पहिल्या शंभर पायऱ्यांतच दूर होतो.

रविवारी येथे मोठी वर्दळ असते. चेन्नईहून आणि पुदुच्चेरीहून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. डब्यात दहीभात, चिंचेचा भात असतो आणि त्यावर माकडांची नजर असते. शाळेच्या सहलीतील मुले एकमेकांशी पैज लावून पळत सुटतात. काही म्हातारी माणसे चढणीवरील कमलकण्णी अम्मनच्या देवळापर्यंत जाऊन हात जोडून परततात. आणि अधूनमधून महाराष्ट्रातून आलेला दुर्गप्रेमींचा एखादा गट दिसतो. त्यांच्या हातात नकाशा असतो, ओठांवर शिवरायांचे नाव असते. पायऱ्या त्याच, घाम तोच; पण प्रत्येकाच्या मनातला किल्ला मात्र वेगळा असतो.

अशाच एका रविवारी एक आजोबा आणि त्यांची नात राजगिरी चढत होते. आजोबा मूळचे साताऱ्याचे. मुलगा नोकरीनिमित्त चेन्नईला स्थायिक झालेला, म्हणून ते काही दिवस त्याच्याकडे राहायला आले होते. नातीचा जन्म चेन्नईचा. घरात मराठी आणि घराबाहेर तमिळ अशा दोन भाषांत ती सारख्याच सहजतेने वावरे. जिंजी पाहायची ही आजोबांची जुनी इच्छा. नातीला आपला इतिहास तेथेच उभे राहून सांगायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

पायथ्याशी बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली ती १६७७ पासून. दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांनी त्या वर्षी विजापूरकरांच्या किल्लेदाराकडून हा किल्ला मिळवला. मिळवला आणि तेथेच न थांबता तो अधिक बळकट केला. जुने निरुपयोगी बांधकाम पाडून त्यांनी नवे तट आणि खंदक उभारल्याचे वर्णन त्या काळातील जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत आढळते. स्वराज्यापासून इतक्या दूरच्या किल्ल्यासाठी एवढा खर्च का करावा, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाही असेल. त्याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले.

१६८९ च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. तेव्हा एकोणीस वर्षांचे असलेले राजाराम महाराज गडाबाहेर पडून पन्हाळ्यावर आले आणि तेथून मोजक्या सोबत्यांसह वेषांतर करून दक्षिणेकडे निघाले. मोगलांचे पाठलाग करणारे घोडदळ मागे होते. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आश्रय दिला आणि त्यापायी बादशहाचा रोष ओढवून घेतला. वर्षाच्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. तोपर्यंत रायगड पडला होता. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले होते. त्या दिवसांत मराठ्यांची राजधानी कोठे आहे, असे कुणी विचारले असते, तर त्याचे उत्तर 'जिंजी' हेच होते. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य लढा चालवीत होते आणि येथून त्यांना आज्ञा जात होत्या, वतनांची पत्रे जात होती. प्रतिनिधी हे पद येथेच निर्माण झाले आणि ते प्रल्हाद निराजींना मिळाले.

रायगड घेणारा मोगल सेनापती झुल्फिकारखान १६९० मध्ये जिंजीसमोर येऊन ठाकला. पुढे सुमारे आठ वर्षे या टेकड्यांभोवती युद्ध चालले. वेढा कधी आवळला जाई, कधी सैल पडे. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा येऊन थडकल्या, तेव्हा मोगलांना वेढा उठवून वांदिवाशकडे माघार घ्यावी लागली. अखेर १६९८ च्या प्रारंभी किल्ला पडला. पण तोवर राजाराम महाराज निसटले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी साताऱ्याला राजधानी केली. औरंगजेबाचे सैन्य, पैसा आणि वेळ या दगडांनी आठ वर्षे अडवून धरला. त्या आठ वर्षांत मराठ्यांचा लढा पुन्हा सावरला.

"म्हणजे सातारा राजधानी झाली ती इथून गेल्यावर?" नातीने विचारले.

"हो बाळ. म्हणून तर म्हणतो, साताऱ्याच्या माणसानं एकदा तरी ही वाट चढायला हवी," आजोबा म्हणाले आणि काठी टेकून उठले.

ग्रंथालयात बसून जो प्रश्न सुटत नाही, तो कधी कधी चढणीवर सुटतो. एक किल्ला आठ वर्षे कसा लढला, हे समजून घेण्यासाठी राजगिरीची वाट चढावी. एकामागून एक दरवाजे येतात. प्रत्येक दरवाजापाशी वाट अशी वळते की, आत शिरणाऱ्याची बाजू वरच्या तटावरील माणसाला उघडी पडावी. पायऱ्या एकसारख्या नाहीत. काही गुडघ्याएवढ्या उंच आहेत. दगड उन्हाने तापतो, घसा कोरडा पडतो. हातात केवळ पाण्याची बाटली असूनही दमछाक होत असेल, तर शस्त्रांचे ओझे वाहत, वरून येणारे गोळे चुकवत चढणाऱ्या शिपायाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना त्या क्षणी येते. आणि शेवटी, माथा हाताशी आला असे वाटत असतानाच, पुढे एक खोल नैसर्गिक घळ आडवी येते. तिच्यावरचा छोटा पूल हीच माथ्यावर जाण्याची वाट. पूर्वी हा लाकडी पूल काढून घेता येत असे. पूल काढला की पलीकडे उभी असलेली मूठभर माणसे खालच्या सैन्याला थोपवू शकत.

त्या पुलाच्या अलीकडे आजोबा थांबले. छाती धपापत होती. पुढे जाणे शहाणपणाचे नव्हते, हे त्यांना कळत होते. पण मागे फिरायला मन तयार नव्हते.

"आजोबा, तुम्ही इथंच सावलीत बसा. मी वर जाऊन येते आणि सगळं सांगते," नात म्हणाली.

"सांग हं. काही वगळू नकोस," एवढेच ते म्हणाले.

ती परत आली तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. वर रंगनाथाचे छोटे देऊळ आहे, धान्याची कोठारे आहेत, एक जुनी तोफ आहे. वारा इतका की ओढणी सावरावी लागते. तेथून कृष्णगिरी समोर दिसतो आणि दोहोंमधला रस्ता दोऱ्यासारखा वाटतो. आजोबांनी विचारले, "सातारा कुठल्या दिशेला येईल गं?" तिने वायव्येकडे बोट दाखवले. ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

मग ती म्हणाली, "आजोबा, आता मी एक गोष्ट सांगू? ती पण याच किल्ल्याची आहे. आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे."

आणि तिने देसिंगराजाची गोष्ट सांगितली. जिंजी घेतल्यानंतर मोगलांनी हा किल्ला स्वरूपसिंग नावाच्या बुंदेल्या सरदाराकडे सोपवला होता. १७१४ मध्ये तो वारला. त्याचा तरुण मुलगा तेजसिंग गादीवर आला. तमिळ जिभेने त्याला देसिंग केले. अर्काटचा नवाब सादतउल्लाखान याने खंडणी मागितली. देसिंगाने ती नाकारली. नवाबाच्या मोठ्या फौजेसमोर तो थोडे शिपाई घेऊन उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रणांगणावर पडला. तमिळ लोककथागीतात त्याचा जिवलग मित्र महाबतखान विवाहमंडपातून उठून त्याच्या मदतीला धावतो आणि दोघेही एकाच लढाईत प्राण देतात. लढाईला निघण्यापूर्वी देसिंग जवळच्या सिंगवरमच्या देवळात गेला, तेव्हा तेथील शेषशायी रंगनाथाने त्याला जाऊ नकोस असे सुचवण्यासाठी मान फिरवली, अशीही कथा आहे. त्याची राणी सती गेली. राणीपेट या गावाचे नाव तिच्या स्मरणार्थ पडले, असे सांगतात.

आजोबा ऐकत राहिले. आपण इतिहास सांगायला आलो आणि ऐकून चाललो, याचे त्यांना नवल वाटले असावे. या गोष्टीत त्यांच्या ओळखीचे काहीच नव्हते, आणि तरीही सारे ओळखीचे होते. मोठ्या सत्तेपुढे न झुकणारा तरुण, जिवाला जीव देणारा सोबती आणि असा एक किल्ला. बुंदेलखंडातून आलेल्या घराण्याचा, मोगलांनी नेमलेल्या सरदाराचा हा मुलगा. त्याने जिंजीवर वर्षभरही राज्य केले नाही. पण तमिळ माणसाने त्याला आपला मानले. कुणी कोठून आले हे माती विचारत नाही. कुणी तिच्यासाठी काय दिले, ते लोक लक्षात ठेवतात.

खरे म्हणजे या किल्ल्याच्या बाबतीत 'आपला' आणि 'परका' हे शब्द फार काळ टिकत नाहीत. या परिसराचा इतिहास किल्ल्याहूनही जुना आहे. गावाजवळच्या तिरुनाथरकुन्रू या टेकडीवर चोवीस तीर्थंकरांची शिल्पे कोरलेली आहेत आणि चंद्रनंदी या जैन आचार्यांनी ५७ दिवसांचे अनशन करून देह ठेवल्याची नोंद तेथील प्राचीन तमिळ शिलालेखात आहे. किल्ल्याचा आरंभ परंपरेने कोन घराण्यातील एका पशुपालक प्रमुखाशी जोडला जातो. राखणदार मेंढपाळाच्या हातून राजगड उभा राहावा, ही कल्पनाच मोठी सुंदर आहे. पुढे विजयनगरच्या छत्राखालील नायकांनी त्याला वैभव दिले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या पिमेंता या जेझुइट पाद्र्याला जिंजी हे लिस्बन सोडल्यास पोर्तुगालमधील कोणत्याही शहराहून मोठे वाटले होते. पायथ्याजवळचा मनोऱ्यासारखा कल्याणमहाल, वेंकटरमणाचे विस्तीर्ण देवालय, घोडेपागा, चक्रकुळम आणि चेट्टीकुळम ही तळी पाहताना त्या वैभवाची खूण पटते. महालापर्यंत मातीच्या नळांनी पाणी आणलेले होते. वेढ्याच्या काळात तलवारीइतकेच या पाण्याने आणि कोठारांतील धान्याने किल्ला लढवला असणार.

नायकांनंतर विजापूरकर आले, मग मराठे, मोगल, अर्काटचे नवाब. १७५० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि १७६१ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. येणाऱ्या प्रत्येकाने त्याला आपले नाव दिले. तमिळ माणसाची सेंजी विजापूरकरांची बादशाहाबाद झाली. मराठ्यांनी तिला चंदी म्हटले. मोगलांनी आपल्या सेनापतीच्या किताबावरून नुसरतगड हे नाव ठेवले. नावे बदलली, पण पायऱ्या त्याच राहिल्या. काही वस्तू मात्र जाताना बरोबर नेल्या गेल्या. पुदुच्चेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर महात्मा गांधींच्या पुतळ्याभोवती जे उंच कोरीव दगडी स्तंभ उभे आहेत, ते फ्रेंच अमदानीत जिंजीहून नेलेले आहेत. सायंकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते?

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी आहे. मराठी मनाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. मराठ्यांच्या ताब्यात हा किल्ला दोन दशकांच्या आसपास होता. मग त्याला केवळ एकाच नावाने ओळखावे काय? सेंजीच्या बाजारातल्या माणसाने, 'आणि आमचा देसिंग?' असे विचारले तर त्याला काय सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर दाराशी पाटी लावून मिळणार नाही. ते चढणाऱ्या माणसाला आपल्या वागण्यातून द्यावे लागेल. येथे राजाराम महाराजांचे स्मरण करणे हा मराठी माणसाचा हक्क आहे. त्या हक्काबरोबर देसिंगाची गोष्ट ऐकून घेण्याचे, कोन प्रमुखाचे आणि नायकांचे ऋण मानण्याचे कर्तव्यही येते. केळदीच्या राणीने भाषा आणि प्रांत पाहून आश्रय दिला असता, तर राजाराम महाराज जिंजीपर्यंत पोहोचलेच नसते. तंजावरच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे कुणी शिकवावे लागत नाही. त्यांची मराठी तमिळच्या सहवासात वाढली आणि त्यामुळे ती उणी झाली नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या प्रत्येकाची स्थिती थोडीफार अशीच असते. आपली भाषा जपायची आणि शेजाऱ्याची गोष्टही आपलीशी करायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

किल्ल्यावरील वर्तनाचा संबंधही याच जाणिवेशी आहे. महालाच्या भिंतीवर नाव कोरणारा हात, तळ्यात बाटली भिरकावणारा हात आणि मोठ्याने गाणी लावून देवळासमोर नाचणारे पाय यांना ही वास्तू परक्याची वाटत असते. जी वस्तू आपली वाटते, तिची कुणी नासधूस करीत नाही. आठ वर्षांचा वेढा ज्या भिंतींनी सोसला, त्यांना खिळ्याने ओढलेली एक रेघ मात्र कायमची जखम करते. पुरातत्त्व विभाग संरक्षण करू शकतो. आदर मात्र येणाऱ्यानेच बरोबर आणावा लागतो.

जिंजीला जाणाऱ्याने म्हणून सकाळी लवकर निघावे. डोक्यावर टोपी, पायांत घट्ट बूट आणि भरपूर पाणी घ्यावे. खाण्याचे पदार्थ माकडांपासून सांभाळावेत. श्वास लागला तर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. राजगिरीबरोबर जमल्यास कृष्णगिरीही चढावा. आणि वाटेत कुणी तमिळ सहप्रवासी भेटला, तर त्याला या किल्ल्याची एखादी गोष्ट जरूर विचारावी. भाषा अपुरी पडली तर खुणांनी विचारावी. तो सांगेल, आणि मग तोही विचारील, 'तुम्ही इतक्या लांबून का आलात?' तेव्हा त्याला आठ वर्षांच्या त्या वेढ्याची, एकोणीस वर्षांच्या राजाची गोष्ट सांगावी. अशा दोन गोष्टींची देवघेव झाली, तर खाली उतरणाऱ्या दोघांनाही चढतानापेक्षा हा किल्ला थोडा अधिक कळलेला असेल.